मुद्रितशोधन, अजमान

मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीत
आमचं टायपिंग सेंटर: दोन टेबलं, एक प्रिंटर,
आणि काचेला बाहेरून ऑगस्टचा घाम.
रात्री साडेनऊला शमशुद्दीन सारंग आले,
ड्राय डॉकवर रिगर, गाव दाभोळच्या अलीकडचं,
हातात करक चहाचे दोन कप, एक माझ्यासाठी.
म्हणाले, "मेल आलाय. प्रिंट काढा.
रंगीत काढा."

नॉर्वे. जहाजबांधणी. पगार
मी दोनदा वाचला, शून्यं मोजायची सवय आहे म्हणून.
राहायला घर, बायकोला व्हिसा,
खाली तिरकी, निळी, झोकदार सही.
फक्त फाइल उघडायचे तेवीसशे दिरहम,
उद्या दुपारी दोनच्या आत,
एक्सचेंजमधून, एका बाईच्या नावावर.
कंपनी नॉर्वेची. बाई कुठली, ते लिहिलं नव्हतं.

मी चहा प्यायलो. लगेच बोललो नाही.

चिपळूणला मी प्रेसमध्ये खिळे जुळवायचो.
र आणि व जवळ सरकले की ख होतो,
आणि ख जरा सैल पडला की पुन्हा र आणि व.
एका मे महिन्यात तीनशे लग्नपत्रिकांवर
'सुरवी संसार' छापून गेला.
मालकांनी पैसे पगारातून कापले. बरोबरच केलं.
तेव्हापासून मला अक्षरांमधली जागा आधी दिसते,
अक्षरं नंतर.

म्हणून पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर बोट ठेवलं,
दोन बोटांनी ताणून मोठा केला.
"हार्मन. मधलं अक्षर बघा. एम आहे?"
"एम."
"नीट बघा. आर आहे, आणि त्याला चिकटून एन.
दोघं एका चादरीत झोपलेत."
सारंगांनी चष्मा वर केला, खाली केला.
बाहेर पिकअपमधून बर्फाच्या लाद्या उतरत होत्या,
एक फुटली.

अर्ज कधी केला होतात?
केला नव्हता.
मुलाखत?
कोणी घेतली नाही.
नोकरी देणारा कधी पैसे मागतो का?
"एजंट मागतो की," ते म्हणाले,
"मी इथे आलो तेव्हा आईच्या पाटल्या गेल्या.
ती नोकरी तर खरी निघाली."
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी कंपनीचा नंबर वेगळा शोधला,
मेलमधला नको म्हटलं, तो त्यांच्याच खिशातला.
उद्या ऑफिस उघडलं की फोन लावा,
घाई त्यांना आहे, आपल्याला कसली?
सारंग मान हलवत होते, ऐकत नव्हते.
"एक सांगू?" म्हणाले,
"माझ्या ओळखपत्रावर सोळा वर्षं 'शम्सूदन सरंग' आहे.
पगाराच्या कागदावर नुसता नंबर.
यांनी शमशुद्दीन लिहिलंय, पुरतं,
आणि त्याच्या आधी 'आदरणीय'."

मी पुन्हा वाचलं. खरंच.
पानभर खोटं, पण त्या एका ओळीत
माझ्या लाल पेनला काही काम नव्हतं.

"प्रिंट काढू?"
बराच वेळ ते प्रिंटरकडे बघत राहिले.
"काढा," म्हणाले. "काळीपांढरी."
दोन दिरहम टेबलावर ठेवले.
मी घेतले नाहीत. मग घेतले,
नाहीतर त्यांना अजून वाईट वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दीडपासून
समोरच्या एक्सचेंजचं दार मी सोडलं नाही.
एका ड्रायव्हरचा फॉर्म दोनदा चुकवला.
दोन वाजले. रांगेत सगळे अनोळखी शर्ट.
अडीचला फोन:
"लावला होता. असं काही नाही म्हणाले.
चांगले बोलले, इंग्रजी सावकाश बोलले."
मागे क्रेनची शिटी, वारा.
मी फोन ठेवणार इतक्यात,
"टायपिंगवाले,
ओळखपत्रावरचं नाव दुरुस्त करायला
किती लागतात?"

मी आकडा सांगितला.

"आणि ते," सारंग म्हणाले,
"कोणाच्या नावावर भरायचे?"